परवानगीचा कागद

आमच्या कसबा पेठेंतून पूर्वेस रास्ता पेठेंत गेलें म्हणजे बेने इस्राएल बांधवांचें सुक्कथ शेलोमो हें १९२१ सालचें प्रार्थनामंदिर लागतें. हे लोक धर्मानें ज्यू, परंतु घरांत मराठी बोलणारे. कोंकणांत यांचे पूर्वज तेल गाळीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. ते या किनाऱ्यास लागले तेव्हां त्यांजपाशीं कोणीं परवाना मागितला नाहीं. त्यांच्याच धर्माच्या युरोपांतील कुटुंबांचें जिणें मात्र विसाव्या शतकांत एका कागदावर टांगलें गेलें. ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस ठाऊक असावी असें आम्हांस वाटतें.

१९३३ सालीं जर्मनीची सत्ता हिटलरच्या हातीं गेली. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनीं ज्यू लोकांचे नागरिकत्वाचे हक्क हिरावून घेतले. त्यांनीं देश सोडावा हीच प्रथम सरकारची इच्छा होती. मात्र जातांना सधन कुटुंबानें मालमत्तेचा चौथा हिस्सा करापायीं द्यावा, आणि पुढें पुढें तर रोख केवळ १० मार्क बरोबर न्यावे! नोव्हेंबर १९३८ मध्यें सुमारे ३०,००० ज्यू पुरुष छळछावण्यांत डांबले गेले. देश सोडण्याची तजवीज झाल्याचा पुरावा दाखविल्यास पुष्कळांची सुटका होई. त्या एका कागदासाठीं घरच्या बायका या वकिलातींतून त्या वकिलातींत खेटे घालीत.

पण जावें कोठें? जुलै १९३८ मध्यें फ्रान्समधील एव्हियां येथें ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. सहानुभूतीचीं भाषणें पुष्कळ झालीं. दारें बहुतेकांनीं लावलेलींच ठेविलीं. पुढील वर्षीं 'सेंट लुईस' ही बोट ९३७ उतारू घेऊन क्यूबास पोहोंचली. तेथें फारच थोड्यांस उतरूं दिलें, अमेरिकेनेंही थारा दिला नाहीं, आणि बोट युरोपास परतली. ऑक्टोबर १९४१ मध्यें तर जर्मन सरकारनें ज्यूंस बाहेर जाण्याचीच बंदी केली. आधीं निसटलेल्यांस मागें राहिलेल्या आईबापांची खुशाली रेड क्रॉसच्या द्वारें कळे. त्या पत्रांत २५ शब्दांपलीकडे लिहितां येत नसे. मग तींही येईनाशीं झालीं.

हिंदुस्थानांत येऊं इच्छिणाऱ्यास येथें नोकरी किंवा पोटापाण्याची हमी लागे. मुंबईंत १९३४ सालीं ज्यूंच्या साह्यार्थ स्थापन झालेली संस्था अशी हमी घेई. डॉक्टर व इतर तज्ज्ञ निर्वासितांस येऊं द्यावें असा पंडित जवाहरलाल नेहरूंचा आग्रह होता. इंग्रज सरकारचा हात मात्र आंखडता राहिला.

जे आले त्यांच्या नशिबींही स्वस्थता नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध पेटतांच जर्मन पुरुषांची धरपकड झाली, तींत ज्यूही सांपडले. जर्मनी म्हणे, तुम्ही आमचे नव्हेत. इंग्रज म्हणत, तुम्ही जर्मनच! चौकशीअंतीं बरेचसे ज्यू सुटले, परंतु सारे नव्हेत.

आपल्या पुण्याहून सुमारे २५ मैलांवरील पुरंदर किल्ल्यावर युद्धकाळांत जर्मन कुटुंबें स्थानबद्ध होतीं, त्यांत ज्यूही होते. तेथेंच ठेवलेल्या डॉ. हेर्मान गोएट्झ या विद्वानानें पुढें किल्ल्यावर लेखन केलें. शिवकालाच्या आठवणी मनांत घेऊन आम्ही तो गड चढतों. या कुटुंबांची आठवण तेथें सहसा कोणी काढीत नाहीं. युद्धानंतर हिंदुस्थानांतील बहुतेक ज्यू निर्वासित परदेशीं निघून गेले, कांहीं थोडे येथेंच राहिले.