भग्न काचांची साक्ष

पॅसिफिक महासागरात हवाई नावाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील ओआहू बेटावर पर्ल हार्बर हे अमेरिकेचे प्रसिद्ध नाविक बंदर आहे. ह्या बंदराच्या मध्यभागी एक लहानसे बेट आहे. त्याचे नाव फोर्ड बेट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी तेथे अमेरिकेच्या नौदलाचा विमानतळ होता. बेटावर धावपट्टी होती. तशीच पाण्यावर उतरणारी विमाने किनाऱ्यावर ओढून घेण्यासाठी बांधलेली उतरणही होती. समुद्रावर दूरवर टेहळणी करणारी कॅटालिना विमाने येथे असत. बेटाच्या काठाशी मोठमोठ्या युद्धनौका रांगेने नांगरलेल्या असत.

७ डिसेंबर १९४१ हा रविवारचा दिवस होता. सकाळी जपानच्या सहा विमानवाहू नौकांवरून निघालेली सुमारे साडेतीनशे विमाने दोन तुकड्यांनी पर्ल हार्बरवर चालून आली. त्या वेळी उभय राष्ट्रांत युद्ध जाहीर झालेले नव्हते. आठ वाजण्यास पाच मिनिटे असताना फोर्ड बेटावर बाँब पडू लागले. थोड्याच वेळात तेथून सर्वांना बिनतारी संदेश गेला की, पर्ल हार्बरवर हवाई हल्ला झाला आहे; हा सराव नव्हे. बेटाशेजारी उभी असलेली ॲरिझोना ही युद्धनौका प्रचंड स्फोट होऊन बुडाली. तिच्यावरील १,१७७ जण मृत्यू पावले. त्या दिवशी एकंदर २,४०३ अमेरिकन लोकांना प्राण गमवावे लागले.

दिवस मावळला, तरी संकट संपले नव्हते. एंटरप्राइझ ह्या विमानवाहू नौकेची सहा लढाऊ विमाने रात्री फोर्ड बेटावर उतरण्यासाठी आली. सकाळच्या हल्ल्याने भेदरलेल्या तोफवाल्यांना ती शत्रूचीच वाटली. एकाने गोळी झाडली आणि पाहता पाहता बंदरातील सर्व तोफा धडधडू लागल्या. आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी तीन वैमानिक प्राणांस मुकले. ही गोष्ट कोणत्याही सैन्याला अभिमानाची वाटणार नाही. तथापि तीही इतिहासाचाच भाग आहे. केवळ पराक्रम तेवढे सांगावयाचे आणि चुका झाकावयाच्या, असे केले, तर त्यास इतिहास म्हणता येणार नाही.

युद्ध संपले. विमाने बदलली. १९६२ साली फोर्ड बेटावरील नाविक विमानतळाचे कार्य बंद झाले. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते, रंग उडतो, लाकूड कुजते. ज्या वास्तूचा उपयोग उरला नाही, तिची डागडुजी कोण करणार? पुढे १९९८ साली बेटाला जोडणारा पूल झाला आणि तेथे नवी घरे व इमारती बांधण्याचे बेत होऊ लागले. जिवंत माणसांना घरे हवीत, हे खरे. पण त्यांसाठी जुन्या खुणा पुसून टाकाव्या काय? ऐतिहासिक स्थळांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय संस्थेने २००१ साली, धोक्यात आलेल्या अकरा स्थळांमध्ये फोर्ड बेटाचे नाव घातले.

अखेर दोन्ही गोष्टींना जागा मिळाली. काही भागांत घरे झाली आणि विमाने ठेवण्याची काही जुनी हँगरे संग्रहालयासाठी राखण्यात आली. हल्ल्याला पासष्ट वर्षे झाली, त्याच दिवशी, म्हणजे ७ डिसेंबर २००६ रोजी, सदतीस क्रमांकाच्या हँगरमध्ये विमानांचे संग्रहालय उघडले. जवळच तांबड्या-पांढऱ्या रंगाचा उंच मनोरा आहे. त्याचे गंजलेले लोखंड दुरुस्त करण्यात आले असून २०२२ सालापासून लोकांना वर जाता येऊ लागले.

ह्या संग्रहालयात जपानी बनावटीचे झिरो जातीचे एक विमान सुस्थितीत मांडलेले आहे. त्याच जातीच्या दुसऱ्या विमानाचे मात्र केवळ मोडके अवशेष ठेवले आहेत. ते विमान हल्ल्याच्या दिवशी निहाऊ नावाच्या बेटावर पडले होते. पहिले विमान युद्धातील यंत्र कसे असते ते दाखविते. दुसरे त्याचा शेवट कसा होतो ते सांगते.

एकोणऐंशी क्रमांकाच्या हँगरला उंच खिडक्या आहेत. त्यांच्या निळसर काचांना गोळ्यांची भोके पडलेली आहेत. नव्या काचा बसविणे मुळीच कठीण नव्हते. परंतु फुटकी काच बदलली असती, तर इमारत सुंदर दिसली असती आणि मुकी झाली असती. काही वस्तूंचे जतन म्हणजे त्यांना नवे करणे नव्हे. त्यांच्या जखमा तशाच राहू देणे होय.

माणसांची साक्ष कायम टिकत नाही. ॲरिझोना नौकेवरून वाचलेल्यांपैकी अखेरचे लू कॉन्टर पुढे स्वतः कॅटालिना विमानाचे वैमानिक झाले. २०२४ साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी, ते निवर्तले. मी ते पाहिले, असे सांगणारा त्या नौकेवरील एकही मनुष्य आता उरला नाही. म्हणूनच वास्तू, विमाने, पत्रे आणि छायाचित्रे ह्यांची जबाबदारी वाढते.

आपल्या जवळही असे एक स्थळ आहे. गोव्यात दाबोळी येथील नौदलाच्या तळाजवळ, बोगमाळो येथे, १९९८ साली नाविक विमानांचे संग्रहालय स्थापन झाले. १९७१ च्या युद्धात विक्रांत नौकेवरून सी हॉक आणि अलिझे जातीची विमाने लढली होती. त्या जातींची विमाने तेथे जतन केलेली आहेत.

जुना विमानतळ जपणे म्हणजे युद्धाचा गौरव करणे नव्हे. तेथे कोण झुंजले, कोणाची चूक झाली, कोण घरी परतले नाही, हे पुढील पिढीने विचारावे आणि तिला उत्तर मिळावे, एवढ्यासाठी हा खटाटोप असतो.

स्वाध्याय

१. फोर्ड बेटावरील जुन्या खुणा कोणत्या कारणांनी नाहीशा होण्याचा धोका होता?
२. ‘इमारत मुकी झाली असती’ ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. स्वतःच्या सैन्याची चूक इतिहासात का नोंदवावी? तुमचे मत लिहा.
४. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूविषयी वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.