सेट एकटा भेटत नाही

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी साडीला स्टोन लावत होते. बोटं गमाने भरलेली, मोबाइल खांद्यात धरलेला, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. तू म्हणालीस, "ताई, एकेका शब्दाचे किती अर्थ पाठ करायचे गं? माझ्याच्यानं नाही होणार इंग्रजी." तुझा आवाज रडवेला झाला होता. तो रात्रभर कानातून जाईना. म्हणून आज साड्यांचा गठ्ठा बांधून ठेवलाय आणि तुझ्याशी बोलायला बसलेय.

तू अडलीस तो शब्द ‘सेट’. अगं, हा शब्द भल्याभल्यांना पुरून उरलाय. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची १९८९ ची आवृत्ती २० खंडांची आहे. तिच्यात ‘सेट’ या एका क्रियापदाचे चारशेतीसच्या आसपास अर्थ दिलेत आणि ते सांगायला सुमारे ६० हजार शब्द लागलेत. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं, त्याचे ६४५ निघाले. हे सगळे अर्थ कोणाला पाठ असतील? ज्यांची ती मायबोली आहे त्यांनाही नाहीत. मग तू का घाबरतेस?

आणि तुला सेट येत नाही असं कोण म्हणतं? कोसाडच्या आपल्या आवासात दिवसभर कानावर पडतो तो. समोरची भाभी घरी ड्रेस मटेरियलचं काम करते, तिचा माल सेटने येतो. रिंग रोडच्या मार्केटात गिऱ्हाइकाने एक साडी मागितली तर होलसेलवाला म्हणतो, सिंगल नाही, पूरा सेट घ्यावा लागेल. एक रंग कमी पडला की सेट तुटला. माझा गम वाळेपर्यंत स्टोनला हात लावायचा नाही, तो सेट होऊ द्यायचा. भाऊ साइटवर सिमेंट सेट होण्याची वाट बघतो. अलार्म सेट, टीव्हीचा सेट, आणि कोणाची नोकरी लागून लग्न ठरलं की मावशी म्हणणार, पोरगा सेट झाला.

आता एक गंमत सांगते, ती मला कळली तेव्हा फार बरं वाटलं होतं. साड्यांचा सेट आणि स्टोन सेट करणं हे मुळात एका घरचे शब्दच नाहीत. वस्तूंच्या जुळणीचा सेट फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिनचा ‘सेक्टा’ आहे, म्हणजे एकाच्या मागून जाणारी माणसं. दुसरा सेट जुन्या इंग्रजीतला. ‘सिट’ म्हणजे बसणे, त्यावरून ‘सेट’ म्हणजे बसवणे. आपल्या ‘संसद’ आणि ‘परिषद’ यांमधला सद् धातू त्याच मुळाचा, बसणे याच अर्थाचा.

बसवणे! हा शब्द हाताशी धर. सोनार अंगठीत खडा बसवतो, तो सेट. हाडवैद्य निखळलेलं हाड बसवतो, तोही सेट. सगळीकडे हे जुळत नाही, कारण आपण कामं वाटून दिलीत. सापळा आपण लावतो, पानं मांडतो, परीक्षेचा पेपर काढतो, दही लागतं. इंग्रजी या सगळ्यांना एकाच शब्दाला जुंपते. पण आपलंही बघ ना. घसा बसतो, धाक बसतो, चटका बसतो, गणपती बसतात. नव्या गावात जम बसला म्हणजे चांगलं झालं आणि धंदा बसला म्हणजे वाटोळं झालं. एकाच ‘बसला’चे दोन उलटे अर्थ! तुला कोणी शिकवले होते का ते? कधी गोंधळलीस का? नाही, कारण ‘बसला’ तुला कधी एकटा भेटलाच नाही. शेजारी जम होता किंवा धंदा होता.

मला हे चूक करून कळलंय. लग्नाआधी मी एका व्यापाऱ्याकडे ऑर्डरी लिहायला होते. बाहेरगावच्या एका पार्टीने इंग्रजीत कळवलं, बारा सेट ‘सेट असाइड’ करा. मी बातम्यांमध्ये ऐकलेलं, वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा आदेश सेट असाइड केला, म्हणजे रद्द केला. मी वहीत त्या बारा सेटवर काट मारली. माल दुसऱ्याला गेला. पार्टीला म्हणायचं होतं, आमच्यासाठी बाजूला काढून ठेवा. शेठने सगळ्यांसमोर ऐकवलं आणि मी घरी येऊन जेवलेही नाही. आज वाटतं, मला अर्थ येत नव्हता असं नाही. एक अर्थ पक्का येत होता आणि मी त्याच्यावरच थांबले. ऑर्डर रद्द करायची असती तर बारा हा आकडा घालून पार्टीने एवढं कशाला लिहिलं असतं, हे मी विचारलंच नाही.

म्हणून ती उभ्या रकान्यांची वही बंद कर, डावीकडे शब्द आणि उजवीकडे दहा अर्थ अशी. पूर्ण वाक्य लिही. सेटच्या पुढे कोण उभं आहे ते बघ. ‘अप’ असेल तर काहीतरी उभारलंय. ‘ऑफ’ असेल तर बहुतेक कोणी प्रवासाला निघालंय. पाऊस ‘सेट इन’ झाला म्हणजे लागून राहिला, आता लवकर हटायचा नाही. रूपं तर पाठच करायची नाहीत, सेट-सेट-सेट, काळ बदलला तरी शब्द तोच.

आणखी एक, हे मात्र जपून. ‘सेटिंग’ हा शब्द आपल्याकडे फार वाईट वळणाने जातो. पैसे चारून काम करून घेतलं तरी सेटिंग, पोरापोरींचं काही असलं तरी सेटिंग. इंग्रजीत त्याला तो वास नाही. मुलाखतीत कोणी हा शब्द उच्चारला तर दचकू नकोस, आणि आपल्या अर्थाने तू तो तिथे वापरू नकोस. पोरगा सेट झाला, हेही आपलंच. तिथे ‘सेटल्ड’ म्हण.

तू कमी नाहीस गं. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, रिक्षात हिंदी, हे तू रोज करतेस आणि त्याला कोणी शिक्षण म्हणत नाही, म्हणून तुलाही ते दिसत नाही. मला दिसतं.

रविवारी उधन्याहून सकाळीच निघ, अमरोलीच्या पुलावर दुपारी फार गर्दी होते. नवी वही घेऊन ये. पहिलं पान ‘बसवणे’साठी मोकळं ठेव, आपण दोघी मिळून भरू.