जुन्या लॅपटॉपचे दुखणे

'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' अशी मराठीत म्हण आहे. संस्कृतात यालाच 'काकतालीय न्याय' म्हणतात. ताडाच्या झाडावर कावळा येऊन बसतो आणि त्याच क्षणी फळ खाली पडते. पाहणाऱ्याला वाटते, फळ कावळ्यामुळेच पडले. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणजे ती पहिलीमुळेच घडली, असे मानण्याची सवय माणसाला फार जुनी आहे. यंत्राचे दुखणे शोधताना ही सवय विशेष आड येते.

समजा, एका महिला बचत गटाचा हिशेब गटाच्या सचिवांच्या लॅपटॉपवर ठेवलेला आहे. लॅपटॉप जुना बाजारातून घेतलेला, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. त्यात विंडोज ७ ही प्रणाली, २ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. गेले काही महिने तो रेंगाळत होता आणि डिस्क भरत आल्याची सूचना वारंवार पडद्यावर येत होती. कोणाच्या तरी सांगण्यावरून सचिवबाईंनी तात्पुरत्या फाईली पुसून टाकल्या. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पडदा अचानक निळा झाला आणि लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. त्यानंतर असे रोजच घडू लागले. कोणत्या सभासदाने कर्जाचा कितवा हप्ता भरला, याची सहा महिन्यांची नोंद केवळ त्याच यंत्रात आहे आणि मासिक सभा आठवड्यावर आली आहे. आपण नको ते पुसले, असा दोष बाई स्वतःला देतात.

हा दोष खरा आहे का, हे ठरवण्यासाठी तात्पुरती फाईल म्हणजे काय ते समजून घ्यावे लागते. शिंपी कापड बेतताना खडूच्या रेघा मारतो आणि कच्चे टाके घालतो. कपडा पुरा झाला की त्यांची गरज उरत नाही. संगणकातील कार्यक्रमही काम चालू असताना अशीच कच्ची सामग्री एका ठरावीक जागी साठवतात. काम संपल्यावर ती त्यांनीच पुसायची असते. पण वीज गेली, कार्यक्रम मध्येच बंद पडला, तर ती तशीच राहते आणि वर्षानुवर्षे साचत जाते. जी फाईल त्या क्षणी वापरात असते, ती विंडोज सहसा पुसू देत नाही. विंडोज ७ मधील 'डिस्क क्लीनअप' ही सोय तर आठवडाभर न बदललेल्या तात्पुरत्या फाईलीच काढते. म्हणून केवळ या फाईली पुसल्याने प्रणाली कोसळणे फारच विरळा.

येथे एक साधा प्रश्न विचारायला हवा. सफाई करावीशी का वाटली? यंत्र आधीपासून रेंगाळत होते म्हणून. म्हणजे दुखणे आधी आले, औषध नंतर. ताप चढत असताना घेतलेल्या गोळीलाच तापाचे कारण ठरवावे, तसे हे झाले.

तरीही कावळा कधी खरोखरच जड असतो, हे विसरू नये. एखादा नवा कार्यक्रम किंवा प्रणालीची सुधारणा अर्धवट बसलेली असते आणि पुन्हा सुरू करण्याची वाट पाहत असते. तेवढ्यात तिची सामग्री पुसली गेली, तर ती अपुरी राहते. म्हणून सफाईपूर्वी यंत्र एकदा बंद करून सुरू करावे. दुसरा धोका 'यंत्र वेगवान करा' अशी जाहिरात करणाऱ्या फुकट सफाई-कार्यक्रमांचा. ते तात्पुरत्या फाईलींबरोबर 'रजिस्ट्री' नावाच्या नोंदवहीतील नोंदीही काढतात. प्रणालीची मांडणी याच वहीत लिहिलेली असते. तेथील नोंदी काढून वेग वाढतो, हा समज निराधार आहे. नुकसान मात्र खरे होऊ शकते. असे काही वापरले असेल, तर 'सिस्टिम रिस्टोअर'च्या साहाय्याने प्रणाली सफाईपूर्वीच्या तारखेच्या स्थितीत नेता येते. मात्र त्या तारखेची नोंद यंत्राने राखलेली असली पाहिजे.

परंतु कारण शोधण्याआधी हिशेब वाचवायचा आहे. यंत्र जितका वेळ सुरळीत चालेल, तितक्या वेळात कामाच्या फाईली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. हे सांगण्यामागे कारण आहे. अशा लॅपटॉपमधील डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते आणि वाचणारे टोक तिला स्पर्श न करता अगदी जवळून फिरते. वयोमानाने किंवा धक्क्याने तबकडीचा एखादा भाग निकामी होतो. तो भाग वाचताना डिस्क पुनःपुन्हा प्रयत्न करते, म्हणून यंत्र काही क्षण थिजल्यासारखे होते. हजारो बारीक फाईली पुसताना डिस्कला एकाएकी पुष्कळ काम पडते आणि लपलेला दोष त्या वेळी उघडा पडू शकतो. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावे. अशा स्थितीत प्रयोग करत बसणे म्हणजे उरलेली माहितीही पणाला लावणे होय.

हिशेब सुरक्षित झाला की निरीक्षण सुरू करावे. यंत्र केव्हा बंद पडते, हे वहीत लिहून ठेवावे. चार दिवसांची अशी नोंद दहा तर्कांपेक्षा उपयोगी पडते. अर्ध्या तासाने, खालची बाजू तापल्यावर बंद पडत असेल, तर संशय पंख्यात अडकलेल्या धुळीवर जातो. विशिष्ट फाईल उघडतानाच अडत असेल, तर डिस्कवर. कोणताही मेळ न लागता निळा पडदा येत असेल, तर रॅमवर. तिची परीक्षा विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' घेते. यानंतर यंत्र 'सेफ मोड'मध्ये चालवून पाहावे. विंडोज ७ मध्ये यंत्र सुरू होत असताना एफ-८ ही कळ दाबून तेथे जाता येते. या अवस्थेत प्रणाली केवळ अत्यावश्यक भागांनिशी उभी राहते. तेथे ती तासभर स्थिर राहिली, तर दोष बहुधा नंतर बसवलेल्या एखाद्या कार्यक्रमात आहे. तेथेही कोसळली, तर यंत्राच्या भागांकडे वळावे. प्रणालीच्या मूळ फाईली बिघडल्या आहेत का, हे 'सिस्टिम फाईल चेकर' तपासतो आणि शक्य तेथे दुरुस्तही करतो. डिस्कची सखोल तपासणी करणारी 'चेक डिस्क' ही सोय मात्र दुबळ्या डिस्कवर मोठा ताण आणते. माहिती उतरवून घेतल्याशिवाय ती चालवू नये.

एका वेळी एकच बदल करावा. चार उपाय एकदम केले आणि यंत्र सुधारले, तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते. बॅटरी फुगून तळाचे झाकण उचलले गेले असेल, तर मात्र तपासणी तेथेच थांबवावी. चार्जर काढावा आणि बॅटरी टोचू वा दाबू नये. तिला आग लागण्याचा धोका असतो.

दोष डिस्कचा निघाला, तर तिच्या जागी फिरता भाग नसलेली एसएसडी बसवता येते आणि जुने यंत्रही बरेच चपळ होते. प्रणालीचा विचार वेगळा करावा लागतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चे सर्वसाधारण सुरक्षा-साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. अशा यंत्रावर हिशेब लिहिण्यास अडचण नाही. बँकेचे व्यवहार मात्र त्यावरून करू नयेत. लिनक्सच्या काही हलक्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात आणि कमी रॅमवर चालतात. बचत गटाच्या हिशेबाला त्या पुरतात.

स्वाध्याय

१. सचिवबाईंनी स्वतःला दिलेला दोष कितपत योग्य आहे? पाठाच्या आधारे लिहा.
२. 'कावळा कधी खरोखरच जड असतो' या वाक्याचा अर्थ पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. 'काकतालीय न्याया'चे तुमच्या अनुभवातील एक उदाहरण आठ ओळींत लिहा.