प्रोस्टेटचे ऑपरेशन : कोणते, कधी आणि कुठे

साठी ओलांडलेल्या माणसाला रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते आणि त्यावर कुणी बोलत नाही. घरातच संडास-मोरी असेल तर ते चार पावलांचे काम. पण आपल्या वस्त्यांत पुष्कळांना अजून गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासापर्यंत जावे लागते. रात्री दोन वाजता, पावसात तिथे जायचे आणि धार सुरू होण्याची वाट पाहत उभे राहायचे. घरी येऊन पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा कळ. मग अनेक जण संध्याकाळनंतर पाणीच सोडतात, एसटीच्या लांबच्या प्रवासाला नाही म्हणतात, लग्नकार्याला जाणे टाळतात. विचारले तर उत्तर ठरलेले, वय झाले. वय झाले हे खरे. पण इलाज नाही हे खरे नाही.

या वेळी आम्ही औषधांविषयी थोडे आणि ऑपरेशनांविषयी जास्त लिहीत आहोत. वस्तीत विचारणा होते ती त्याचीच. ऑपरेशन करावे का, केले तर 'लेझर'च करावे का, आणि पैशाचे काय.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती ती अंगठीसारखी बसलेली असते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम, म्हणजे अक्रोडाएवढी. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. पन्नास ते साठ या वयात जवळपास निम्म्या पुरुषांची आणि ऐंशीनंतर दहातील आठ-नऊ जणांची प्रोस्टेट वाढलेली असते. अंगठी आतल्या बाजूला फुगली की मधली नळी दबते. धार बारीक होते, मध्येच तुटते, जोर करावा लागतो, करून आले तरी पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सरही होत नाही. कॅन्सर हा वेगळा आजार. तो त्याच ग्रंथीत होऊ शकतो, म्हणून डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून तपासतात आणि गरजेप्रमाणे रक्ताची पीएसए तपासणी सांगतात. बोटाच्या तपासणीची लाज वाटते म्हणून दवाखान्याची पायरी न चढणारे आम्ही पाहिले आहेत. ती तपासणी अर्ध्या मिनिटाची असते.

सोनोग्राफीच्या कागदावर 'ग्रेड २ प्रोस्टेटोमेगॅली' असे लिहिलेले दिसले की घरात रडारड सुरू होते. तो फक्त आकार आहे. साठ ग्रॅमची ग्रंथी घेऊन एखादा निवांत झोपतो, आणि तीस ग्रॅमवाल्याची लघवी अडकते. कागदाकडे बघून ऑपरेशन ठरत नाही. माणसाला होणारा त्रास, लघवी करून आल्यावर पिशवीत किती लघवी उरते, आणि किडनीची अवस्था यावर ते ठरते.

बहुतेकांना आधी गोळ्याच दिल्या जातात. एका प्रकारच्या गोळ्या, उदाहरणार्थ टॅमसुलोसिन, नळीभोवतीचे स्नायू सैल करतात आणि काही दिवसांत फरक दाखवतात. दुसऱ्या प्रकारच्या, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड, ग्रंथी आकसवतात. त्यांना सहा महिने द्यावे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्या फेकून देऊ नयेत. या दुसऱ्या गोळ्यांनी पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर येतो, म्हणून तपासणीच्या वेळी गोळी चालू असल्याचे सांगायलाच हवे.

ऑपरेशनची वेळ कधी येते

गोळ्या घेऊनही त्रास हटत नसेल तेव्हा. लघवी पुन्हा पुन्हा तुंबत असेल, वारंवार जंतुसंसर्ग होऊन थंडी-ताप येत असेल, लघवीतून रक्त जात असेल, पिशवीत खडा झाला असेल, किंवा मागे साठलेल्या लघवीच्या दाबाने किडनीला सूज आली असेल, तर ऑपरेशन टाळण्यात शहाणपण नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत फसवी, कारण ती दुखत नाही. पिशवी महिनोन् महिने तुडुंब भरलेली राहते, वरून थोडी थोडी गळते, रात्री अंथरूण ओले होते. घरचे म्हणतात, म्हातारपणामुळे ताबा गेला. प्रत्यक्षात पिशवी रिकामीच होत नसते. वर्षानुवर्षे ताणलेल्या पिशवीचे स्नायू ढिले पडले की नंतर अडथळा काढला तरी धार पहिल्यासारखी येईलच असे नाही. उशिराची खरी किंमत ही आहे.

लघवी एकदम पूर्ण अडकली आणि ओटीपोटात असह्य कळा येऊ लागल्या तर ती तातडीची वेळ. शेकत बसू नका, वरून पाणी पाजू नका. रात्र असली तरी मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात न्या. तिथे नळी घालतात आणि पाच मिनिटांत माणूस शांत होतो. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांनी, दारूने किंवा फार वेळ लघवी दाबून धरल्यानेही असे घडते. बहुधा गोळ्या सुरू करून काही दिवसांनी नळी काढून पाहतात. पुष्कळांना पुन्हा लघवी होते. ज्यांना होत नाही त्यांच्या ऑपरेशनचा विचार मग सावकाश, तपासण्या करून होतो. ऑपरेशनच्या भीतीने वर्षवर्ष नळीवर राहणारे लोक आपल्याकडे आहेत. जंतुसंसर्गाचा धोका त्यांना सतत असतो, आणि ज्यांचे शरीर ऑपरेशन सहन करू शकते त्यांच्यासाठी हा सौदा वाईट आहे.

दुर्बिणीचे ऑपरेशन

ज्याला डॉक्टर टीयूआरपी म्हणतात ते हेच. १९३० च्या दशकापासून ते जगभर होत आले आहे, आणि नवे काहीही आले तरी तुलना याच्याशीच करतात. पोटावर चीर नाही, टाका नाही. कमरेत सुई देऊन खालचे अंग बधिर करतात. माणूस जागा असतो. लघवीच्या मार्गातून दुर्बीण आत नेतात आणि विजेच्या तारेच्या कडीने वाढलेला भाग आतून तासून काढतात. संत्र्याची साल तशीच ठेवून आतला गर कोरून काढावा, तसे. साधारण तासाभराचे काम. निघालेले तुकडे तपासायला पाठवतात, त्यात कुठे कॅन्सर लपला असेल तर कळते. ग्रंथी साधारण ३० ते ८० ग्रॅम असेल तर हे ऑपरेशन चांगले बसते. त्याहून लहान असेल तर कधी कधी पिशवीच्या तोंडाशी नुसता छेद देऊनही भागते.

नंतर एक ते तीन दिवस नळी राहते आणि तिच्यातून पाणी सोडून रक्ताच्या गुठळ्या धुतल्या जातात. पिशवीत लाल पाणी दिसले म्हणजे काही बिघडले असे नाही. जुन्या पद्धतीत धुण्यासाठी वापरलेले पाणी रक्तात शिरून शरीरातले सोडियम उतरण्याचा धोका असायचा. आता अनेक ठिकाणी असलेल्या 'बायपोलर' यंत्रात सलाईनच वापरतात, त्यामुळे तो धोका जवळपास गेला आहे. धार सुधारते आणि फायदा वर्षानुवर्षे टिकतो. पुन्हा काही करावे लागण्याचे प्रमाण वर्षाला शंभरात एक-दोन.

एक गोष्ट डॉक्टर घाईत सांगत नाहीत आणि पेशंट लाजेने विचारत नाही. या ऑपरेशननंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जाते आणि लघवीबरोबर निघून जाते. याने अपाय होत नाही, आणि ताठरता सहसा जात नाही. पण मूल हवे असेल तर ते अवघड होते. नवरा-बायकोने हे आधी जाणून घ्यावे, नाहीतर नंतर घरात विनाकारण संशय आणि खंत राहते. जाता जाता, नसबंदीमुळे प्रोस्टेट वाढते ही अफवा आहे.

ग्रंथी फारच मोठी, १०० ग्रॅमच्या पुढे असेल, किंवा सोबत मोठा खडा असेल, तर पोटावर चीर देऊन गाठ काढतात. ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते सर्जन पीटर फ्रेयर यांची सुमारे वीस वर्षे भारतातच, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये गेली. १९०० पासून लंडनमध्ये त्यांनी ही ऑपरेशने केली. चीर म्हटले की लोक घाबरतात. रक्त जास्त जाते, मुक्काम लांबतो हे खरे; पण मोठ्या गाठीवर ती आजही भरवशाची आहे.

लेझर आणि बाकीचे

लेझर म्हणजे जादू नव्हे. तेही त्याच मार्गाने, दुर्बिणीतूनच होते. कापणारे हत्यार फक्त वेगळे. होल्मियम लेझरने आतली गाठ सालीपासून सोलून सुटी करतात, पिशवीत ढकलतात आणि बारीक करून ओढून काढतात. मोठी गाठही याने निघते, रक्त कमी जाते, नळी अनेकदा एका दिवसात निघते. म्हणजे जिथे पूर्वी पोट उघडावे लागे तिथे लेझरचा फायदा खरोखर मोठा आहे. पण हे कौशल्य शिकायला वेळ लागतो. यंत्र कोणते यापेक्षा ते चालवणाऱ्याने किती ऑपरेशने केली आहेत हे विचारा. हिरव्या लेझरने गाठ जाळून वाफ करतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या बंद करता न येणाऱ्या हृदयरोग्यांना ते सोयीचे. मात्र तपासायला तुकडा उरत नाही. वीर्य मागे जाण्याचा प्रश्न दोन्हीत राहतोच. पन्नास ग्रॅमच्या साध्या गाठीसाठी मात्र लेझरच हवे म्हणून सावकाराकडे जाणे आम्हाला पटत नाही. त्या माणसाला सरकारी दवाखान्यातल्या टीयूआरपीने तोच आराम मिळतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत गाठ न काढता करायचे छोटे उपायही आले. युरोलिफ्टमध्ये बारीक टाचण्यांनी गाठीच्या बाजू पडदे बांधल्यासारख्या मागे ओढून ठेवतात. वीर्याचा प्रश्न येत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. पण अमेरिकेतल्या मुख्य अभ्यासात पाच वर्षांत शंभरातील तेरा-चौदा जणांना पुन्हा उपचार लागले. रेझूममध्ये पाण्याची वाफ टोचून गाठीचा भाग मारतात. नळी काही दिवस राहते आणि परिणाम दिसायला आठवडे, कधी तीन महिने लागतात. आणखी एकात मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन प्रोस्टेटचा रक्तपुरवठा कमी करतात, म्हणजे ती आकसते. भूल सहन न होणाऱ्या वृद्धांसाठी याचा विचार होतो. हे सगळे मुख्यतः मोठ्या शहरांतल्या निवडक रुग्णालयांत आणि महाग आहे. तरुण माणसाला वीर्याची काळजी असेल, किंवा हृदय फार कमजोर असेल, तर माहिती असावी म्हणून सांगितले.

मधुमेह जुना असेल किंवा लकवा होऊन गेला असेल तर पिशवीच अशक्त झालेली असू शकते. अशा वेळी गाठ काढूनही उपयोग होईल का, हे पिशवीचा जोर मोजणाऱ्या तपासणीतून आधी पाहून घ्यावे.

पैसे आणि नंतरचे दिवस

मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, नागपुरात सुपर स्पेशालिटी, अशा मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मूत्ररोगाचा स्वतंत्र विभाग आहे. ओपीडीत केसपेपर काढताना 'युरॉलॉजी' म्हणून सांगायचे. तारीख उशिराची मिळते हे मान्य. म्हणूनच लघवी पूर्ण अडकण्याआधी रांगेत नाव लागलेले बरे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि यादीतल्या खासगी रुग्णालयांतही ती चालते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, आपले ऑपरेशन तिथे योजनेत बसते का हे विचारा, आणि मंजुरी येण्याआधी अनामत भरू नका. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांनाही १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

ऑपरेशनच्या खर्चापेक्षा बुडणारी मजुरी जास्त जड जाते. नळी निघाली आणि धार मोकळी झाली की माणसाला वाटते बरा झालो, आणि तो दहाव्या दिवशी सिमेंटची गोणी उचलतो. आतली जखम तेव्हा कच्ची असते. दहा ते चौदा दिवसांच्या सुमारास खपली सुटताना पुन्हा थोडे रक्त दिसू शकते. चार ते सहा आठवडे वजन उचलणे, हातगाडी ओढणे, दूरवर मोटारसायकल वा सायकल चालवणे बंद. संडासला जोर करावा लागू नये म्हणून पालेभाजी, फळे आणि भरपूर पाणी. हमाली किंवा बांधकामावर असलेल्याने ऑपरेशनची तारीख ठरवतानाच या दीड महिन्याची व्यवस्था घरच्यांशी बोलून करावी. काही आठवडे जळजळ होते, घाईची लघवी लागते, कधी गळतेही. ते बहुधा आपोआप कमी होते. गुठळ्या पडून लघवी अडकली, थंडी वाजून ताप आला, किंवा लाल धार थांबेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, विशेषतः हृदयात स्टेंट असेल, तर ऑपरेशनआधी ती गोळी मनानेच बंद करू नये. दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आतला गर काढला तरी संत्र्याची साल शिल्लक राहते, आणि कॅन्सर बहुतेक वेळा त्या बाहेरच्या भागातच होतो. म्हणून ऑपरेशन झालेल्यांनीही पीएसए आणि तपासणी पुढे किती वर्षे, किती दिवसांनी करायची हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे, आणि तुकड्याचा तपासणी अहवाल हातात घेतल्याशिवाय फाइल बंद करू नये.