अवधानाची चंचलता आणि स्वतःची जबाबदारी

विसरभोळेपणा, धांदल, हाती घेतलेले काम अर्धवट टाकणे यांकडे आपण बहुधा आळस किंवा बेफिकिरी म्हणून पाहतो. काही व्यक्तींच्या बाबतीत मात्र त्यामागे 'एडीएचडी', म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असते. तिची लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसू लागतात, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी जाणवतात आणि पुष्कळदा प्रौढपणीही टिकून राहतात. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

ही अवस्था कोणी निवडून घेत नाही. म्हणून तिच्याबद्दल दोष देणे अन्यायाचे आहे. परंतु चुकलेल्या कामाचे परिणाम इतरांना भोगावे लागतात, हेही तितकेच खरे. दोष आपला नसला तरी व्यवस्था लावण्याची जबाबदारी आपली असते.

या बाबतीत अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा इतिहास उद्बोधक आहे. भूचुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईत कुलाबा येथे घेतल्या जात. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहामुळे संवेदनशील उपकरणांच्या कामात व्यत्यय येणार हे स्पष्ट झाले. म्हणून १९०४ साली अलिबाग येथे नोंदी सुरू करण्यात आल्या. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेऊन त्यांचा मेळ घालण्यात आला. उपकरणांचा स्वभाव ओळखून जागा बदलली गेली आणि नोंदींचे काम अखंड चालू राहिले.

हेच तत्त्व दैनंदिन व्यवहारात लागू पडते. मुरूड किंवा श्रीवर्धन तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्याला हा त्रास असेल, तर त्याने तोंडी सूचनांवर विसंबू नये. पाणीपट्टीची नोंद वसुली होताच करावी, मोठ्या कामाचे लहान टप्पे पाडावेत, मुदतीच्या दोन दिवस आधीचा गजर भ्रमणध्वनीवर लावावा आणि महत्त्वाचे कागद सहकाऱ्याकडून तपासून घ्यावेत. तरीही चूक झाल्यास सबब न सांगता ती कळवावी व भरून काढावी.

शिक्षक व अधिकाऱ्यांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. अशा विद्यार्थ्याला पुढच्या बाकावर बसवणे, एका वेळी एकच सूचना देणे आणि पूर्ण केलेल्या कामाची लगेच दखल घेणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. अपमान व मारहाण यांनी अवधान वाढत नाही. मात्र काम माफ करणे म्हणजे साहाय्य नव्हे. काम पार पडेल अशी सोय करून देणे हे खरे साहाय्य होय.

निदान तज्ज्ञांनीच करावे, आणि औषधे त्यांच्याच सल्ल्याने घ्यावीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मार्गदर्शन मिळते. ग्रामपंचायत व शाळेच्या फलकावर हा क्रमांक ठळकपणे लिहावा, म्हणजे गरजू कुटुंबांना तो वेळेवर उपयोगी पडेल.