शिष्याच्या यशात प्रशिक्षकाचा वाटा किती?

एखादा खेळाडू नावारूपाला आला की त्याचा गुरू कोण, असे आपण लगेच विचारतो. त्या गुरूमुळे नक्की काय बदलले, हे विचारणारे थोडे. हल्ली तर संघाला एक गुरू पुरत नाही. फुटबॉलमध्ये गोलरक्षकाला निराळा प्रशिक्षक, क्रिकेटमध्ये गोलंदाजीला निराळा, क्षेत्ररक्षणाला निराळा. अशा एकाच अंगाच्या प्रशिक्षकाचा वाटा कसा मोजायचा, हा प्रश्न मला पडला तो आमच्या कबड्डीच्या मैदानावर.

प्रथम वर्षाला असताना मी चढाई करीत असे. आमच्या प्रशिक्षकांनी एकाच आठवड्यात मला आणि माझ्या एका मित्राला चढाईवरून काढून कोपऱ्यात उभे केले. मला डाव्या, त्याला उजव्या. मला राग आला. चढाई करणाऱ्याचे नाव गावात घेतात, कोपऱ्यातल्याचे कोण घेतो? महिनाभर नुसता घोटा धरण्याचा सराव झाला. यंदा मी कॉलेजच्या संघात आहे. मित्र मात्र मिरकरवाड्याच्या बंदरातून बोटीवर जातो. घरी मिळवते हात हवे होते. आता सरांचा हिशेब मांडला तर मी जमेला धरला जाणार आणि मित्र वहीतच येणार नाही! वास्तविक तो माझ्यापेक्षा चांगली पकड करीत असे.

मोठ्या खेळाडूंचा हिशेब करतानाही असाच घोळ होतो. झहीर खानचे उदाहरण घेऊ. श्रीरामपूरचा हा डावखुरा मुलगा मुंबईत येऊन सुधीर नाईक यांच्याकडे नॅशनल क्रिकेट क्लबात खेळू लागला. अभियांत्रिकी सोड, क्रिकेटकडे लक्ष दे, असे नाईकांनी त्याला सांगितले. (कॉलेजात आलेला आमच्या घरातला मी पहिलाच. असा सल्ला मला कोणी दिला असता तर घरी काय झाले असते, याची कल्पना न केलेली बरी.) पुढे टी. ए. शेखर यांनी त्याला चेन्नईच्या एम. आर. एफ. पेस फाउंडेशनमध्ये नेले. टायरच्या कंपनीने १९८७ साली काढलेल्या या संस्थेत ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली वेगवान गोलंदाजी शिकवीत.

२००० साली झहीर भारताकडून खेळू लागला आणि श्रेय लिलींना मिळाले. ते खोटे नव्हे. पण लिली वर्षातून थोडाच काळ येत. रोजची मेहनत शेखर करून घेत. शिवाय, २००६ च्या सुमारास हाच झहीर भारतीय संघाबाहेर होता. गुरू तेच, शिकवणही तीच! त्या वर्षी तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर कौंटीकडून खेळला, मोसमात ७८ बळी घेतले आणि परतला तो वेगळाच गोलंदाज होऊन. धाव आखूड, जुन्या चेंडूवर हुकमत. २००७ साली ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याने ९ बळी घेतले, २०११ च्या विश्वचषकात २१. ही दुसरी घडण मुख्यतः रोज सामने खेळून झाली, असे मला वाटते. लिली आणि शेखर यांनी पाया घातला; पण घर त्यांनीच बांधले असे म्हणता येत नाही. एका अंगाच्या प्रशिक्षकाचे वजन उमेदवारीच्या काळात फार असते आणि पुढे ते झपाट्याने उतरते, असे माझे मत झाले आहे.

मात्र एक गोष्ट मला अडते. १९८७ साली चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर याच संस्थेत वेगवान गोलंदाज व्हायला गेला होता. लिलींनी त्याला फलंदाजीकडे लक्ष द्यायला सांगितले. संस्थेने घडविलेल्या गोलंदाजांत सचिनचे नाव येत नाही. मग हा लिलींचा परिणाम धरायचा की नाही? मी धरीन, पण थोडाच. कारण आचरेकर सरांकडे तो आधीपासून फलंदाजी शिकतच होता. ज्याला आधीची वाट नाही, त्याला 'हे तुझे काम नव्हे' असे सांगितले तर तो कुठे जातो, याची नोंद कोणी ठेवीत नाही.

सर मैदानावर नसले की मी अजून एखादी चढाई करून पाहतो. बहुधा बाद होतो.