वल्हें आणि ओवी

नांदेड शहर गोदावरीच्या काठीं वसलेलें असून विष्णुपुरीच्या धरणामुळें तेथें पाण्याचा विस्तीर्ण सांठा झाला आहे. त्यास शंकरसागर म्हणतात. लातूरकरांस त्याचा हेवा वाटल्यास नवल नाहीं. सन 2016 मध्यें त्यांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणवावें लागलें होतें!

इन्युइट लोकांची कयाक ही बहुधा एकट्याची होडी. वल्ह्यास दोहों टोकांस पातीं, म्हणून डावें-उजवें असा ताल आपोआप धरला जातो. परंतु लांब नावेंत सहाजण बसले आणि एकाचें वल्हें मागें पडलें, तर बळ व्यर्थ जाऊन नावेचें तोंड भलतीकडे वळतें. गाण्याची लय सर्वांचे हात एकाच क्षणीं खालीं आणते. कोळीगीतांत वल्ह्याचा झोंका ऐकूं येतो तो ह्यामुळेंच.

मराठवाड्यास समुद्र नाहीं, तरी हें मर्म आमच्या आज्यांस ठाऊक होतें. दोघी मिळून जात्याचा खुंटा फिरवीत. एक ओवी उचली, दुसरी तींत सूर मिसळी. पिठाच्या गिरण्या आल्या, जातीं कोपऱ्यांत पडलीं, आणि ओव्या विसरल्या जाऊं लागल्या. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नानें एक लक्षाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या, हे मोठेच उपकार. पण कागदावरील ओवींत हाताची ओढ कोठून येणार?

मुलांनो, आजीस ओवी म्हणावयास सांगा आणि बसल्या जागीं हात वल्ह्याप्रमाणें ओढून पाहा. जोर कोठें लावावा व श्वास कोठें घ्यावा, हें ओवीच सांगेल. नदीवर मात्र पोहतां आल्यावांचून व जाणता नावाडी सोबत असल्यावांचून जाऊं नये.